धूर दिसला की कोण येतं

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्यानं माप ओतलं की मी बोट बुडवून बघते. भाजीवाली फार गोड बोलायला लागली की पाटीच्या तळाची वांगी वर काढायला लावते. त्यामुळं मी एकटी सोलापूरकडं निघाले तेव्हा घरात कुणी काळजी केली नाही. "हिला कोण फसवणार? तिकडच्या लोकांनीच जपून राहावं," असं थोरले दीर म्हणाले आणि सगळे फिदीफिदी हसले.

मी कोल्हापूरच्या एका मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवते. आमच्या महिला मंडळानं त्या काळात निर्धूर चुलीचं खूळ घेतलं होतं. खूळ म्हणते, पण चांगलं खूळ. मातीची दोन वैलांची, म्हणजे दोन भांडी बसतील अशी चूल घालायची, मागनं पत्र्याची नळी काढायची आणि धूर घरात न कोंडता बाहेर घालवायचा, एवढंच ते. टेंभुर्णीच्या पलीकडच्या एका पारधी वस्तीत थंडी पडली की तान्ही लेकरं छाती भरून दगावतात, असं तिकडं फिरतीवर असलेल्या एका नर्सबाईनं मंडळात येऊन सांगितलं. घरं पालाची नाहीत, सरकारनं बांधून दिलेली पक्की आहेत, तरीही. ऐकून मला राहवेना. दिवाळीच्या सुट्टीत मी जाते म्हटलं.

गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. का, ते पुढं कळेलच.

सोलापूर

लॉजवर उतरले. पलंगावरची चादर उचलून बघितली, खाली आणखी एक चादर होती, ती उचलली तर खाली ढेकूण. मॅनेजर म्हणाला, "बाई, खालची कशाला उचलली?" म्हणजे बघा! पहाटे गिरणीचा भोंगा झाला तो थेट उशीखालनं निघाल्यासारखा. मी दचकून उठून बसले आणि अंग खाजवत उजाडायची वाट बघितली.

जेवायला खानावळीत कडक भाकरी आली. आमच्याकडं भाकरी म्हणजे मऊ, पदरासारखी घडी पडणारी. ही तर हातात घेतली आणि कट्‌कन मोडली. मी वाढप्याला विचारलं, "भाकरी हाय का कौल?" तो काही हसला नाही. "महिनाभर टिकती ही. तुमची टिकती का?" म्हणाला. शेंगाची चटणी, वर तेल आणि ती मोडलेली भाकरी. खोटं कशाला बोलू, मी तीनदा मागून घेतली.

नळ्या नव्या पेठेच्या मागल्या बोळातल्या एका पत्रेवाल्याकडं सांगितल्या होत्या. तिथं मला न्यायला रशीदभाई आले. हे जीपवाले. वय पन्नाशीचं, दाढी मेंदीनं लाल, आणि जीप त्यांच्याहून म्हातारी. त्यांचं आणि पत्रेवाल्याचं दखनीत भराभर काहीतरी चाललं. मला त्यातलं अर्धंच कळत होतं, आणि अर्धं कळलं की संशय दुप्पट येतो. मी एकेक नळी उचलून, एक डोळा मिटून, आरपार बघायला सुरुवात केली. एकीला भोक निघालंच.

"बाई, तुमी पोलिसात हाय का?" रशीदभाईंनी विचारलं.

मला राग आला. पण हाच प्रश्न पुढं वेगळ्या तोंडून यायचा होता.

नळ्या जीपमधे चढवताना ते हळू आवाजात म्हणाले, "उधर जारे तो पाटल्यां निकाल के रक्खो, बाई. मैं नै बोलता, सब बोलते." सब म्हणजे खरंच सब. लॉजवाला, पत्रेवाला, चहावाला, पारधी म्हटलं की प्रत्येकानं माझ्या हाताकडं बघितलं होतं. पाटल्या लॉजवर ठेवाव्यात तर त्या मॅनेजरचं तोंड आठवलं. शेवटी रुमालात गुंडाळून कमरेला खोचल्या. वाटभर त्या टोचत होत्या.

माळवद

टेंभुर्णीपर्यंत सडक बरी. आमच्याकडं नजर टाकली की डोंगर तरी आडवा येतो, नाहीतर ऊस. इथं डोळ्याला अडवायला काही नाही. ज्वारी, मग बाभळी, मग पुन्हा ज्वारी, आणि वर आभाळ सगळं उघडं. टेंभुर्णीला ट्रकवाल्यांच्या गर्दीत चहा प्यायलो आणि कच्च्या रस्त्याला लागलो. तिथं चाक बसलं. रशीदभाई जीपखाली गेले, मी नळ्यांच्या ढिगावर बसून बाभळीच्या शेंगा मोजण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. जेवणवेळ टळून गेल्यावर गावात पोचलो.

माझी राहायची सोय पोलीस पाटलांच्या घरी केली होती. गावात चोरी-मारी झाली की वर कळवायचं काम सरकार ज्याच्याकडं देतं, तो पोलीस पाटील. हे पाटील उंच, धोतर पांढरंशुभ्र, बोलणं लोण्यासारखं. "या बाईसाहेब, घर तुमचंच हाय की." त्यांच्या मालकिणीनं धपाटे आणि कवडीचं दही वाढलं. दह्यावर साय अशी, की बोट उभं राहावं. एवढं आदरातिथ्य झालं की माझ्या मनात पाल चुकचुकते. हा माणूस माझ्याकडनं काय मागणार आहे? पण त्यांनी काही मागितलं नाही.

दिवस कलता कलता ते मला माळवदावर घेऊन गेले. माळवद म्हणजे या भागातल्या घरांचं मातीचं सपाट छप्पर. वर चढलं की सगळा गाव पायाखाली. घराघरातनं संध्याकाळच्या चुलींचा धूर निघालेला. पाटलांनी सुपारी कातरत ओढ्यापलीकडं बोट दाखवलं. माळावर दगडी खोल्यांची एक रांग दिसत होती.

"ती तुमची वस्ती. हितनं सगळं दिसतं."

"तिकडं धूर कसा नाही?" मी विचारलं.

"न्हायच दिसत. तिकडं धूर न्हाय म्हंजे गावात शांतता हाय," पाटील म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

मला वाटलं, बिचाऱ्यांकडं शिजवायलाच काही नसेल. वाईट वाटलं. पाटलांचं वाक्य मात्र मला नीट लागलं नाही, आणि न लागलेलं वाक्य मी विसरत नाही.

वस्ती

रशीदभाईंची जीप मी सुट्टीभर ठरवली होती, ते गावातच मुक्कामाला होते. सकाळी नळ्या घेऊन आम्ही वस्तीवर गेलो. कुत्री भुंकली आणि दारातली माणसं आत गेली. नर्सबाईनं एका घराचं नाव सांगितलं होतं, भुरीचं. भुरी म्हणजे वस्तीतली थोरली म्हातारी. तिची सून सखरी, मुलगा लाल्या. लाल्या अकलूजकडं उसाच्या फडावर राखण करायचा, अधनंमधनं घरी यायचा. सखरीचं पहिलं लेकरू मागच्या थंडीत गेलेलं. दुसरं मांडीवर होतं.

मी वाकून दारातनं आत पाऊल टाकलं आणि उलट्या पायी बाहेर आले. डोळ्यांत मिरची पडल्यासारखं झालं. चार दगडी भिंती, वर पत्रा, एक दार. पत्र्याच्या लगत एक झरोका होता, तो चिंध्या आणि चिखल कोंबून बुजवलेला. आत तीन दगडांची चूल, आणि धूर असा की माणूस आधी ऐकू येई आणि मग दिसे. पत्र्यावरनं काजळीची जळमटं लोंबत होती. त्यात ते बाळ खोकत होतं. तान्ह्या बाळाचा खोकला असतो तरी केवढा! मांजरीच्या पिल्लाएवढा. पण त्याच्या छातीवर मी तळवा ठेवला, तर आत काहीतरी खरखर करत होतं. माझा जीव गलबलला. दुसऱ्याच क्षणी राग आला.

"आजी, हा झरोका कुणी बुजवला?"

"म्या," भुरी म्हणाली.

"का?"

तिनं माझ्याकडं बघितलं, सखरीकडं बघितलं. "देवीला चालत न्हाय उघडा."

बस्स! मला वाटलंच होतं. मी देवीवर, अडाणीपणावर, पालात वाढलेल्या माणसांना पक्की घरं देऊन काही उपयोग नाही यावर बराच वेळ बोलले. म्हातारी ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "तू पोलिसातली हाईस?"

"मी मास्तरीण आहे!"

"मंग कमरंचं सोनं हातात घाल. हितं पडलं तर आमच्यावर यील."

रुमालाचा फुगवटा तिला आल्याआल्या दिसला होता. मी तोंड वळवून पाटल्या हातात घातल्या. कानशिलं तापली होती.

सखरी मात्र चुलीला हो म्हणाली. सासूला न विचारता म्हणाली. मी आणि तिनं माती मळली, शेणकाला घातला, चुलीचा ओटा घातला, दोन वैल कोरले. मी झरोका फोडून त्यातनं नळी बाहेर काढली, वर उभी केली. हात मातीत असले की माझं तोंड सुटतं. सखरीला मी आमच्याकडची गुऱ्हाळं सांगितली. थंडी पडली की ऊस गाळायला सुरुवात होते, काहील चढते, आणि धुराड्यातनं धूर निघाला की वाटेवरची माणसं वाट वाकडी करून येतात. ओळख असो नसो, रस मिळतो, गरम गूळ मिळतो. "धूर दिसला की कुणालाबी आत यायला मोकळीक. तसा रिवाजच आहे आमच्याकडं."

सखरीचे हात थांबले. "धूर बगून मानसं येत्यात?"

"येतात की."

"आन काय न्हेत्यात?" दारात पाठमोरी बसलेल्या भुरीनं विचारलं.

"नेत नाहीत. देतात त्यांना."

दोघी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. सखरी हसली, पण मला बरं वाटावं म्हणून हसल्यासारखी.

संध्याकाळी माळवदावर पाटलांनी सहज विचारलं, "मंग? काय काय शिजतंय वस्तीवर?" मी म्हटलं, चूल ओली आहे, अजून काही नाही. कसं कुणास ठाऊक, पण तो प्रश्न मला आवडला नाही. चुलीबद्दल विचारायचं सोडून हा माणूस भांड्याबद्दल का विचारतो?

चूल वाळली. पेटवायच्या दिवशी मी वस्तीवर गेले, तर नळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा, वर चिखल थापलेला. मी भडकलेच. "आजी, हे काय? दुसरं नातवंडबी घालवायचंय का?" बोलू नये ते बोलून गेले. म्हातारीनं मान खाली घातली. मी बोळा उपसून लांब फेकून दिला.

त्या दिवशी लाल्या घरी आलेला होता. येताना हुलगे घेऊन आला होता. बाई आलीय, चूल नवी आहे, तर हुलग्याचं माडगं, पिठाची पातळ पेज, करू, असं त्यानंच म्हटलं. दुपार होती. वारा अजिबात नव्हता. सखरीनं चूल पेटवली, नळीनं धूर ओढून घेतला, आणि घर साफ झालं. खरंच साफ. मला पहिल्यांदाच भिंतीवरची त्यांची देवी दिसली, शेंदूर लावलेली. सखरी हसत हसत बाळाला चुलीजवळ घेऊन बसली. बाहेर धुराची सरळ काठी उभी राहिली होती, उंच. मी टाळ्या वाजवल्या. माझ्याशिवाय कुणी वाजवल्या नाहीत. वस्तीतल्या बाया आपापल्या दारात उभ्या राहून त्या धुराकडं बघत होत्या, आणि बघता बघता आत जाऊन त्यांनी दारं ओढून घेतली.

माडगं ताटलीत पडतं न पडतं तोच पाटील आले. बरोबर दोन दांडगे गडी. "बसा बसा, बाईसाहेब. तुमचं चालू द्या." गावातल्या कुणाचं तरी बोकड सकाळपासनं सापडत नव्हतं म्हणे. पाटलांनी काठीनं पातेल्यावरचं झाकण उचललं, काठी आत घालून ढवळली.

"अहो पाटील! हुलगे आहेत ते! मी इथं बसून शिजताना बघितलेत!" मी ओरडले.

"तुमच्यासाटीच बगतोय वो बाईसाहेब. तुमाला काय खाऊ घालत्यात ते कळाय नगं?" किती गोड बोलावं माणसानं! काठीवरचं माडगं त्यांनी माझ्या नव्या चुलीच्या कडेला निपटलं. मग गड्यांना खूण केली. "लाल्या, चल चावडीत. बोकड मिळंस्तवर बस तितं."

"माडग्यात बोकड होतं का?" मी विचारलं.

"दुपारच्याला धूर निगालाय न्हवं? गडी एरवी घरी नसतोय, आज हाय. आन आजच बोकड न्हाय." पाटलांच्या दृष्टीनं हा पुरावा होता. लाल्या ताटली बाजूला सारून उठला. त्याला त्याची सवय असावी, आणि ते बघून मला जास्त धसका बसला. मी मागं धावले, भांडले, वर तक्रार करीन म्हटलं. पाटील म्हणाले, "करा की. वाटेत दही खाऊन जावा."

बोकड संध्याकाळी सापडलं. ते मालकाच्याच मेव्हण्यानं सांगून नेलं होतं, मालक विसरला होता. तरी लाल्याला सोडला तो दुसऱ्या दिवशी. तो आला तेव्हा एक पाय ओढत होता.

मी भुरीसमोर बसले. "आजी, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

मग म्हातारी बोलली, आणि पहिल्यांदाच भरभरून बोलली. पालात होतो तेव्हा धूर सगळीकडनं झिरपायचा, लांबनं दिसत नसायचा. आता या खोल्यांना झरोका. झरोक्यातनं धूर निघाला की गावातनं दिसतो. गावात कुणाचं काही गेलं, की त्या दिवशी ज्या घरावर धूर, त्या घरात काठी शिरते. तिच्या नवऱ्याला असंच नेलं, थोरल्या लेकाला असंच नेलं. म्हणून वस्तीनं झरोके बुजवले. "पोराला धूर लागतो ती काय मला दिसत न्हाय व्हय? मी काय आंधळी हाय?"  "देवी-बिवी काय न्हाय गं. तुमच्या लोकांना देवी सांगितली की तुमी गप बसताय, म्हनून आमी सांगतो."

"पण मला तरी खरं सांगायचं!"

"तू पाटलाच्या घरी जेवतीस. तितंच निजतीस. तुला कसं सांगू?"

 आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, तो सगळा फुकट गेला असं वाटलं. ज्याच्यावर घ्यायचा त्याचं दही ओरपत बसले होते. त्याच संध्याकाळी पाटलांच्या घरनं वळकटी उचलली आणि भुरीकडं निजायला निघाले. मालकीणबाई दारात आल्या आणि त्यांनी माझ्या पिशवीत धपाटे कोंबले.

पण वळकटी हलवून काय सुटणार होतं? धूर आत ठेवावा तर लेकरू जातं, बाहेर काढावा तर बाप जातो. म्हातारीनं नळीत पुन्हा बोळा घातला. मी अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार?

टेंभुर्णी, आणि परत

दुसऱ्या सकाळी बाळाचं पोट उडायला लागलं. छाती भरून श्वासाबरोबर पोट असं आतबाहेर उडायला लागलं, की तिकडं त्याला डबा झाला म्हणतात. सखरीचं पहिलं लेकरू डब्यानंच गेलं होतं. भुरी बिब्बा तापवायला निघाली, पोटावर डागायला. मी तिचा हात धरला. रशीदभाईंना हाक मारली. त्यांनी जीपमधे स्वतःची सोलापुरी चादर अंथरली, ती कोरी करकरीत होती. टेंभुर्णीपर्यंतचा रस्ता त्यांनी असा काढला की एकही खड्डा बाळाला लागू दिला नाही. तोंडानं सारखं "या अल्ला, या अल्ला" चाललेलं. सखरीची बोटं बाळाच्या नाकाशी होती.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी सुई दिली, औषध दिलं, आणि छातीची नळी कानातनं काढत म्हणाले, "या वेळंला वाचंल. पन पुन्यांदा धुरात ठिवलं तर माज्याकडं आनू नका. माज्याच्यानं बगवत न्हाय." सखरीनं मान हलवली.

वस्तीवर परतलो तेव्हा भुरी चूल पेटवायला बसली होती. नळीत बोळा तसाच. सखरीनं बाळ माझ्या ओटीत टाकलं, तरातरा बाहेर गेली, आणि उखळ लोटत नळीखाली आणलं. त्याच्यावर चढून बोळा उपसायला लागली. भुरी त्यांच्या भाषेत ओरडत बाहेर आली. सखरीही ओरडली. मला शब्द कळत नव्हते. लाल्या भिंतीला टेकून, दुखरा पाय लांब करून बसला होता. मग सखरी माझ्याकडं वळली आणि मराठीत म्हणाली, मला कळावं म्हणून, किंवा कदाचित मी साक्षीला राहावं म्हणून:

"न्हेऊ दे ह्याला पाटलाला. न्हेऊ दे! जेलातनं मानूस परत येतोय. मातीत घातल्यालं लेकरू येतंय का परत?"

 लाल्या भिंतीला धरून उठला. मला वाटलं, आता हा तिला खाली ओढणार. तो लंगडत गेला आणि ती पडू नये म्हणून त्यानं उखळ दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मी बाळाला उराशी धरून ढसाढसा रडले. सांगायला लाज वाटत नाही.

भुरी ओट्यावर टेकली होती. मग उठली. "एकट्या घराचा धूर दिसला तर चोर त्याच घरात," ती स्वतःशीच म्हणाली. "समद्यांचा दिसला तर कुटं बगंल?" आणि ती शेजारच्या दाराकडं गेली. तिथं आरडाओरडा झाला. पुढच्या दारात त्याहून मोठा झाला. एका बाईनं तर तिच्यावर राख फेकली. पण म्हातारी दारोदार जात राहिली. सांजेला बाया आल्या, एकेक करून, माझ्याकडं तिरकं बघत. त्यांचा माझ्यावर विश्वास बसलेला नव्हता, एवढं मला कळत होतं. "आमालाबी घालून दे," त्यांतली राख फेकणारी म्हणाली. "पन एकट्या-दुकटीची पेटवायची न्हाय. समद्यांची एकदम."

रशीदभाई सोलापूरला जाऊन नळ्या घेऊन आले. उतरवताना म्हणाले, "एक भी भोक नै, बाई." तरी मी एकेक नळी डोळ्याला लावलीच. "लगाव, लगाव," ते म्हणाले आणि पानाची पिंक टाकायला गेले. सुट्टी संपत आली होती, मी शाळेला तार करून रजा वाढवून घेतली. माझ्या नखांतली माती कोल्हापुरात आल्यावरही कितीतरी दिवस निघाली नाही.

निघायच्या दिवशी मुद्दाम दुपारी पेटवायचं ठरलं. सकाळी गावाच्या धुरात आपला धूर लपेल, असं मीच सुचवलं होतं. पण बायांनी मोडून काढलं. लपवायचं असतं तर बोळे काय वाईट होते, असं सखरी म्हणाली.

वारा पडलेला होता. भुरीनं आपल्या दारात उभं राहून हाळी दिली आणि रांगेतल्या सगळ्या चुली एकदम पेटल्या. नळ्यांतनं धूर निघाला. माळावर पहिल्यांदाच ती वस्ती वस्तीसारखी दिसली. मी ओढ्यापलीकडं बघितलं. पाटलांच्या माळवदावर पांढरं धोतर उभं होतं. मग ते दिसेनासं झालं.  लाल्या आज फडावर गेला नव्हता, मुद्दाम घरी थांबला होता.  सगळ्यांच्या नजरा ओढ्याच्या वाटेवर.

पाटील आले, ते दोन गडी आले. वस्तीच्या तोंडाशी थांबले. पाटलांनी या टोकापासनं त्या टोकापर्यंत रांग बघितली. कुठल्या घरात आधी काठी घालायची, तेच त्यांना सुधरेना. कुठलंच दार आज ओढलेलं नव्हतं. हरेक दारात एकेक बाई उभी होती, आणि घरात धूर नसल्यामुळं बाहेरनंच आतली भांडीसुद्धा दिसत होती.

"बाईसाहेब," ते मला म्हणाले, "आज काय एवढं? सगळ्याकडंच शिजतंय?"

मी तोंड उघडलं, पण भुरी माझ्या आधी पुढं झाली. हातात माडग्यानं भरलेली ताटली होती, वाफाळणारी. पाटलांपुढं ती धरून म्हणाली, "धूर बगून आलायसा न्हवं? मंग बसा की. जेवून जावा."

सखरीनं माझ्याकडं बघितलं आणि या वेळी ती खरं हसली.

पाटील ताटलीकडं बघत राहिले. पारध्याच्या हातचं ते खाणं शक्य नव्हतं, आणि न खाता आता आत शिरणंही शक्य नव्हतं. गडी त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले. "न्हाय, असंच आलतो," एवढं पुटपुटून ते मागं फिरले. भुरी ताटली तशीच धरून, ते ओढ्यात उतरेपर्यंत उभी होती.

मग तिनं ती ताटली माझ्या हातात दिली. रशीदभाई जीपपाशी भोंगा वाजवत होते, मला गाडी गाठायची होती. मी खाली बसले आणि जेवले. शेजारी सखरीच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. खाता खाता मी डावा तळवा त्याच्या छातीवर ठेवला. खरखर अजून होती, पण थोडी.